पांडेसरा शाखा आणि देवऱ्यांची आखाजी

आमच्या बँकेतल्या जुन्या लोकांचा मोबाइलवर एक गट आहे. निवृत्त माणसांच्या गटात जे जे असतं ते सगळं त्यात आहे. सुप्रभाताची फुलं, गुडघेदुखीवरचे उपाय, पेन्शनच्या तक्रारी. मार्चमधल्या एका सकाळी त्यात यशवंत देवऱ्यांचा फोटो आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि ते ओठ मिटून केलेलं हसू. मला वाटलं वाढदिवस असेल. मी शुभेच्छा लिहायला घेतल्या, तोवर खाली ‘ॐ शांती’ची रांग लागली... लिहिलेलं पुसलं आणि तिथेच सोफ्यावर बसून राहिले. मग वहिनींना फोन केला. कमलवहिनी, देवऱ्यांच्या पत्नी, माझ्यापेक्षा शांत होत्या. झोपेत गेले म्हणाल्या, आदल्या संध्याकाळी नातवाबरोबर पत्ते खेळले आणि जिंकले सुद्धा. मला रडता रडता हसू आलं, कारण पत्त्यांत देवरे लबाडी करायचे आणि ती लपवायची तसदीही घ्यायचे नाहीत. हे मी वहिनींना बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, नातवालाही माहीत होतं. देवऱ्यांशी ओळख झाल्यापासून मला तो माणूस फार आवडायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी वर्षभर चिडवलं असतं.

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर नवऱ्याची नोकरी सुरतेच्या एका कॉलेजात, म्हणून बँकेतली बदली मागून घेऊन मीही सुरतेला आले. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. विभागीय कार्यालयात मला ‘माहिती विभाग’ मिळाला, तेव्हा शिक्षा झाल्यासारखं वाटलं. एक खोली, दोन टेबलं, आणि एक संगणक ज्याला धूळ लागू नये म्हणून आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. प्रिंटर असा, की तो सुरू झाला की शेजारच्या कर्ज विभागातले लोक उठून दार लावून घ्यायचे. देवरे तिथे आधीपासून होते. पहिल्या दिवशी माझ्या हाताला शाखांकडून आलेल्या तक्त्यांचा गठ्ठा लागला, त्यातले आकडे संगणकात भरायचे होते, आणि मी तोंड वाकडं केलेलं त्यांनी पाहिलं असावं. म्हणाले, “शोभाताई, एक महिना भरा. मग मला सांगा कुठल्या शाखेचा मॅनेजर रजेवर होता ते.” मला ती थट्टा वाटली. महिन्याने मी खरंच सांगितलं आणि ते बरोबर निघालं. तिथून पुढे त्या खोलीत मी रमले.

आता या कामाला ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असं भारदस्त नाव आहे. देवऱ्यांचा पुतण्या हैदराबादच्या एका बँकेत त्यातला स्पेशालिस्ट म्हणून लागला, तेव्हा त्याने काकांना तासभर आपलं काम समजावून सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे आम्ही करायचो तेच, फक्त एसी जास्त. पण थट्टा सोडली तर खरोखर तेच होतं. ठेवी, कर्जं, नवी खाती, बंद झालेली खाती, असे प्रत्येक शाखेचे आकडे पोस्टाने किंवा शिपायाच्या हाती यायचे. ते भरायचे, मागच्या वर्षाशी ताडून पाहायचे, आलेख काढायचा आणि साहेबांना सांगायचं की कुठे काय चाललं आहे. आलेख संगणकाला नीट जमत नसे, तेव्हा देवरे स्केचपेनने काढायचे. हिरवी रेघ ठेवींची, लाल रेघ कर्जांची. शाखांबद्दल ते नात्यातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. वराछा उतावळी, अडाजण आतल्या गाठीची, चलथाण हंगामी. चलथाणला साखर कारखान्याने उसाचे पैसे दिले की शाखा फुगायची आणि पुढे ओसरायची. नव्याने आलेल्या साहेबाला तो चढ-उतार पाहून काहीतरी गडबड वाटायची. देवरे त्याला आधी चहा पाजायचे आणि मग उसाचं वेळापत्रक सांगायचे.

मार्च महिन्यावर त्यांचा भारी राग. बँकेत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको, की मार्चअखेरीला प्रत्येक मॅनेजर ओळखीच्या व्यापाऱ्यांना गाठून दोन दिवसांपुरत्या ठेवी मागून आणतो. एकतीस तारखेला सगळ्या शाखा अशा भरलेल्या, की विचारू नका. एप्रिल उजाडला की आलेला पैसा आल्या वाटेने परत. देवरे म्हणायचे, मार्चचा आकडा लग्नात नटून आलेला असतो, त्याच्यावरून स्थळ ठरवू नये. म्हणून वर्षाची तुलना करायला त्यांनी एप्रिलअखेर निवडली होती. तोवर नटणं-मुरडणं उतरलेलं असतं आणि शाखा घरच्या कपड्यांत असते. ही युक्ती त्यांची स्वतःची होती. मोठ्या कचेरीतही तिचं कौतुक झालं होतं आणि देवऱ्यांना तिचा थोडा गर्वही होता. असायला हरकत नव्हती.

देवरे अमळनेरकडच्या एका खेड्यातले. घरी अहिराणी, बाहेर गुजराती, माझ्याशी जपून बोललेली मराठी. राहायला बमरोलीला, आणि घराजवळ म्हणून त्यांचं बचत खातं पांडेसऱ्याच्या शाखेत. साड्यांची गोदामं, कापड रंगवायच्या गिरण्या आणि माग यांच्यामधल्या त्या शाखेत निम्म्याहून अधिक खातेदार खान्देशातून आलेले. वर्षभर देवरे रजा घ्यायचे नाहीत. ताप असला तरी यायचे. पण आखाजी आली की... आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी आमरस होतो आणि संपलं. खान्देशात दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, कडुलिंबाच्या झाडांना झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आणि बाप्ये पारावर बसून दिवसाढवळ्या पत्ते कुटतात, त्यांना कोणी बोलत नाही. देवरे आठ-दहा दिवस आधीच भुसावळच्या पॅसेंजरने बायकामुलांसह निघायचे आणि परत यायचे ते उन्हाने काळे होऊन, कैऱ्यांची पिशवी घेऊन. त्या दिवसांत खोलीत मी एकटी. मला कंटाळा यायचा, म्हणून मी त्यांच्या रजेवर मनापासून चिडायचे.

आता मुख्य गोष्ट. प्लेगच्या साली सुरत कशी रिकामी झाली होती ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. पुढे लोक परतले, शहर झाडून पुसून लख्ख झालं. दीड-दोन वर्षांनी वरून विचारणा आली, की कोणत्या शाखा उभारी धरत नाहीत ते कळवा, तोट्यातल्या शाखा शेजारच्या शाखेत मिळवून टाकू. देवरे आखाजीहून परत आले आणि कामाला बसले. पांडेसऱ्याची एप्रिलअखेरची हिरवी रेघ त्यांनी काढली. प्लेगच्या आधीच्या एप्रिलला ती वर होती, नंतरच्या एप्रिलला खाली, आणि त्या वर्षी आणखी खाली. अगदी घसरगुंडी. मी ती पाहिली आणि मलाही काही शंका आली नाही. कारण उघड होतं, प्लेगमध्ये गेलेले कामगार परतले नाहीत. देवऱ्यांनी तसं लिहिलं. आपल्याच लोकांच्या शाखेबद्दल लिहिताना त्यांना वाईट वाटलं, पण आकड्यापुढे नातं आणायचं नाही, असं ते मला म्हणाले. अहवाल वर गेला. इतकं स्वच्छ विश्लेषण आपण पाहिलं नव्हतं, असं मोठ्या कचेरीने कळवलं. बडोद्याला नवा संगणक विभाग सुरू होणार होता, त्याच्या प्रमुखपदासाठी देवऱ्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. वहिनींनी तर बडोद्याला घरं कशी मिळतात याची माझ्याकडे चौकशीही केली होती.

फाइल सरकारी चालीने फिरली आणि वर्ष गेलं. पुढच्या आखाजीच्या तोंडावर पांडेसऱ्याचा निर्णय जवळजवळ झाला. शाखा रिंगरोडच्या शाखेत मिळवायची. आमचे देसाईसाहेब मूळचे सुरती, माणूस मऊ, पण वरून तगादा होता. त्यांनी देवऱ्यांची रजा नामंजूर केली आणि पांडेसऱ्याला जाऊन खातेदारांची अडचण काय होईल ते बघून या म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा देवरे आखाजीला सुरतेत राहणार होते. वहिनी आणि मुलं पुढे गेली. देवरे दोन दिवस सगळ्यांवर चिडून होते. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून पांडेसऱ्याला गेलो.

शाखेच्या बाहेर रांग होती. मी आधी घाबरले. वाटलं, शाखा बंद होणार ही बातमी फुटली आणि लोक पैसे काढायला धावले. आत मॅनेजर घामाघूम, रोखपालाला पाणी प्यायलाही वेळ नाही. पण रांगेतली माणसं हसत होती. कोणाच्या हातात नव्या साडीची पिशवी, कोणाच्या खांद्यावर नवा कपडा घातलेलं पोर. देवरे दारातच थबकले. तेवढ्यात रांगेतून एका बाईंनी हाक मारली. इंदूबाई त्यांचं नाव, वहिनींच्या माहेरच्या गावच्या, घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम करणाऱ्या. त्यांच्या दृष्टीने देवरे म्हणजे गावचे जावई.

“जवाईबुवा, तुम्ही आठेच? आखाजीले गावले नही जात का यंदा?”

देवरे म्हणाले, नाही, काम आहे. त्यांनी मग विचारलं, एवढी गर्दी कसली? इंदूबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जावई हुशार आहे असं आपल्याला कोणी सांगितलं होतं, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

“कोण ऱ्हास आठे आखाजीले? समदं पांडेसरा गावले जाई ऱ्हायनं. उनूत म्हणजे परत टाकसूत.”

म्हणजे सगळे गावाला चालले होते, आल्यावर पैसे परत खात्यात टाकणार होते. वर्षानुवर्षं हेच होत होतं. आणि हे सगळ्या बँकेत ज्या एका माणसाला कळायला हवं होतं, तो दर वर्षी रांग लागायच्या आधीच, इथूनच आपले पैसे काढून, पहिल्या गाडीने निघून जात होता. मागे शाखा कशी दिसते ते त्याने पाहिलंच नव्हतं. देवरे माझ्याकडे वळले. मी त्यांचा चेहरा कधी इतका कोरा पाहिला नव्हता. “शोभाताई,” ते हळूच म्हणाले, “गेल्या वर्षी आखाजी एप्रिलमध्ये होती.”

मला कळायला क्षणभर वेळ लागला. आखाजी तिथीने येते. कधी मेच्या मध्यावर, कधी मेच्या सुरुवातीला, कधी थेट एप्रिलमध्ये. प्लेगच्या आधीची आखाजी मेमध्ये बरीच पुढे होती, त्यामुळे एप्रिलअखेर पैसे खात्यातच होते. पुढच्या वर्षी ती मेच्या आरंभीच आली, निम्मे लोक आधीच निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच आली आणि सगळं पांडेसरा गावाला. देवऱ्यांची ती घसरगुंडी म्हणजे आखाजी अलीकडे सरकत आली होती, एवढंच. चलथाणचा ऊस ज्याला पाठ होता, त्याला आपला सण दिसला नव्हता.

परत येताना ते स्कूटर इतकी सावकाश चालवत होते, की सायकलवाले पुढे जात होते. मध्येच एका टपरीवर थांबून आम्ही लोचो, म्हणजे सुरतेचा तो गरमागरम मऊ खमण, खाल्ला. म्हणजे मी खाल्ला, ते डिशकडे बघत बसले. मी म्हटलं, नवीन आकडे येतील तेव्हा हळूच सुधारणा म्हणून कळवता येईल, तुमचं बडोद्याचं नक्की होईपर्यंत थांबू. यावर ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, तोवर शाखेचं कुलूप लागेल, मग इंदूबाईने दोन बस बदलून रिंगरोडला जायचं का? ती जाणार नाही, डब्यात ठेवील पैसे. मग त्यांनी तो थंड झालेला लोचो एका दमात संपवला.

देसाईसाहेबांच्या खोलीत मी त्यांच्याबरोबर गेले. देवऱ्यांनी प्रस्तावना केली नाही. अहवाल चुकीचा आहे, चूक माझी आहे, असं सांगून आखाजीची सगळी हकीकत सांगितली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अहवाल त्यांच्याच सहीने वर गेला होता.

“तो हवे हेड ऑफिसने शुं कहुं, देवरेभाई?”

“लखी दो साहेब, देवरे गाम गयो हतो.”

वर काय सांगू, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणे लिहा, देवरे गावाला गेला होता. साहेब आधी गंभीर राहिले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि शेवटी ते इतके हसले, की शिपाई पाणी घेऊन आत आला. मी मात्र हसू शकले नाही. देवऱ्यांचं बडोदं हातचं गेलं, ते मला दिसत होतं.

नुसत्या बोलण्याने काम भागणार नव्हतं, दाखवायला हवं होतं. देवऱ्यांनी ठरवलं, की तारखांची तुलना सोडायची आणि तिथीची करायची. आखाजीच्या आधीचा आठवडा दुसऱ्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडायचा. पण मागल्या वर्षांच्या आखाजीच्या तारखा हव्यात, जुनं पंचांग कोण ठेवतो? त्या वहिनींच्या स्वयंपाकघरात सापडल्या. वहिनी जुनी कॅलेंडरं फडताळात डब्यांखाली कागद म्हणून अंथरायच्या. वहिनी गावाला, त्यामुळे देवऱ्यांनी स्वतः हळद-मिरचीचे डबे उतरवले आणि तेलकट एप्रिल-मे महिने कार्यालयात घेऊन आले. आमच्या त्या सोवळ्या संगणकाच्या खोलीत चार दिवस हिंगाचा वास होता. पांडेसऱ्याहून आठवड्यांचे आकडे मागवले, मी भरले, आणि देवऱ्यांनी हिरव्या स्केचपेनने तिन्ही वर्षांच्या रेघा एकावर एक काढल्या. तिन्ही एकाच जागी खाली गेल्या आणि एकाच जागी वर आल्या. फक्त दर वर्षी मागच्या वर्षापेक्षा थोड्या वर येत होत्या. म्हणजे शाखा बुडत नव्हती. वाढत होती. मी टाळी वाजवली. देवऱ्यांनी स्केचपेनचं टोपण लावलं आणि डोळे पुसले. हिंगामुळे, असं म्हणाले.

शाखा राहिली. बडोद्याच्या जागी दुसरे गृहस्थ गेले. मला त्याचा राग आला, मी बोलूनही दाखवला. देवऱ्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पुढे मात्र ते स्वतःच सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगायचे आणि प्रत्येक वेळी रांग थोडी लांब व्हायची. देसाईसाहेबांनी दोन नियम घालून दिले. आखाजीच्या आधी पांडेसऱ्याला एक जादा रोखपाल पाठवायचा, आणि देवऱ्यांना रजा मात्र द्यायचीच. माणूस गावाला गेला नाही तर चिडतो आणि गेला तर अहवाल बिघडवतो, त्यापेक्षा जाऊ द्या, असं ते म्हणायचे. मग देवरे निघण्यापूर्वी मला बजावून जायचे, की तुम्ही एकदा पांडेसऱ्याला जाऊन उभ्या राहा, आकडे नंतर बघा. मी जायचे. गंमत म्हणजे मला ते आवडायला लागलं. ती गर्दी, नव्या कपड्यांचा वास, अनोळखी बायकांचं “ताई, चाला ना आमच्या गावले” म्हणणं.

त्यानंतर किती वर्षं गेली. संगणक वाढले, आमच्या चपला आत आल्या, स्केचपेनं गेली. देवरे निवृत्त झाले, मी झाले आणि मुलाकडे बडोद्याला आले. गेल्या दिवाळीत त्यांना शेवटचं भेटले. थकले होते, जिना चढताना दोनदा थांबले. पण पुतण्या आलेला होता, त्याला बाजूला घेऊन विचारत होते की तुझ्या बँकेच्या पडद्यावर आखाजी दिसते का? पुतण्या म्हणाला, काका, सगळं आपोआप येतं. देवऱ्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

परवा वहिनींचा फोन आला. आखाजी जवळ आली आहे. खान्देशात त्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी पाण्याने घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, नैवेद्य दाखवतात. देवऱ्यांचं पहिलं वर्ष, तेव्हा त्यांची घागर गावच्या घरीच भरायची, असं वहिनींनी ठरवलं आहे. जायला पैसे हवेत म्हणून त्या पांडेसऱ्याच्या शाखेत गेल्या होत्या. मुलगा म्हणत होता, मशीनमधून काढून देतो, त्या नको म्हणाल्या. शाखेत नेहमीसारखी तोबा गर्दी. खिडकीवरचा तरुण नवा, बिहारकडचा, त्याला या बाई कोण ते माहीत असायचं कारण नाही. आंटीजी, आज बहुत भीड है, आखाजी के बाद आइए, असं तो त्यांना म्हणाला.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, उभी राहिले रांगेत,” वहिनी म्हणाल्या. “यांच्या घागरीचे पैसे होते, शोभाताई... ते आखाजीच्या आधीच काढावे लागतात.”